ऑडिओमॉथ रिव्ह्यू: मेघालयच्या जंगलात वटवाघळांच्या सर्व्हेसाठी हा स्वस्त रेकॉर्डर कितपत कामाचा?

सरळ मुद्द्यावर येते. बरीचशी वटवाघळं आपल्याला ऐकू न येणारे आवाज काढून वाट शोधतात, हा रेकॉर्डर तेच आवाज टिपतो आणि त्यावरून जात ओळखायची असते. वटवाघळांचा सर्व्हे करायचाय, पैसे बेताचे आहेत, आणि जागा अशी आहे की तिथल्या वटवाघळांचे आवाज अजून कोणाकडेच पूर्ण नोंदवलेले नाहीत, तर ऑडिओमॉथ घ्यावा का? घ्या, बिनधास्त घ्या. पण त्याला काय ऐकू येत नाही ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर रात्रंदिवस राबून जी यादी हातात येईल ती अर्धीच असेल आणि तुम्हाला मात्र पूर्ण वाटेल. ऑनलाइन जे रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक इंग्लंड-युरोपातल्या लोकांचे, तिथे सगळ्या जाती माहितीच्या, आवाजांची लायब्ररी तयार, आपल्याकडे तसं नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी कामानिमित्त शिलाँगला राहते आणि इथल्या काही अभ्यासकांबरोबर रेकॉर्डर लावायचं, काढायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून आवाज बघायचं काम करते. खासी आणि जैंतिया हिल्समधलं उपोष्ण जंगल, वरच्या अंगाला पाइन, दऱ्यांमध्ये रुंद पानांचं दाट रान, खाली चुनखडीच्या गुहाच गुहा. वटवाघळांसाठी याहून चांगली जागा भारतात क्वचितच असेल, तरी इथला पद्धतशीर अभ्यास अगदी अलीकडचा आहे. जुनं मोठं काम म्हणजे १९२२ साली स्टॅन्ली केंप आणि चोप्रा यांनी गारो हिल्समधल्या सिजू गुहेत केलेला सर्व्हे, त्यानंतर बरीच वर्षं तुरळक नोंदी. मग २०१२ मध्ये एकदम दोन नव्या जाती जाहीर झाल्या, म्युरिना प्लुविअलिस आणि म्युरिना जैंतियाना. २०२२ मध्ये री भोई जिल्ह्यातल्या लैलाडजवळच्या बांबूतून ग्लिस्क्रोपस मेघालयानस ही अजून एक नवी जात आली, आणि त्याच परिसरातून आदल्या वर्षी युडिस्कोपस डेंटिक्युलस हे तळव्याला चिकटणाऱ्या चकत्या असलेलं वटवाघूळ भारतात पहिल्यांदा नोंदवलं गेलं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शिलाँग केंद्राचे उत्तम सैकिया आणि जिनिव्हाच्या म्युझियमचे मानुएल रुएदी यांचं यात फार मोठं काम आहे. ही नावं लक्षात ठेवा, पुढे रेकॉर्डरच्या मर्यादा सांगताना म्युरिना परत येणार आहे.

आता वस्तूकडे. ऑडिओमॉथ म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं एक उघडं सर्किट बोर्ड, ५८ बाय ४८ मिलिमीटर, मागे तीन डबल-ए सेल, बाजूला मायक्रो-एसडी कार्डची खाच, एक छोटं स्विच आणि दोन एलईडी, लाल आणि हिरवा. स्क्रीन नाही, बटणं नाहीत. साउदम्पटन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या लोकांनी बनवलाय, डिझाइन आणि सॉफ्टवेअर सगळं ओपन आहे, बेलिझच्या जंगलात शिकाऱ्यांच्या बंदुकीचे आवाज टिपायलाही तो वापरलाय. किंमत साधारण शंभर डॉलरच्या आतबाहेर, वर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी लागते ती वेगळी. तरीही मोठ्या कंपन्यांच्या वटवाघूळ-रेकॉर्डरची किंमत याच्या कित्येक पट असते. जंगलात एक महागडा रेकॉर्डर लावण्यापेक्षा पाच स्वस्त लावले, एक ओढ्यावर, एक पायवाटेवर, एक पाइनमध्ये, एक गुहेच्या तोंडाशी, एक गावाजवळच्या सुपारीच्या बागेत, तर जास्त माहिती पदरात पडते हे मी ठामपणे सांगते. शिवाय एखादा हरवला, भिजला, माकडाने उचलला तरी सर्व्हे बंद पडत नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजला जातो तो आकडा, ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि वटवाघळांसाठी हीच खरी गोष्ट आहे. जेवढा सॅम्पल रेट त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच आवाज नोंदला जातो, म्हणजे ३८४ वर ठेवला तर १९२ किलोहर्ट्झपर्यंत, २५० वर ठेवला तर १२५, आणि १९२ वर ठेवला तर फक्त ९६. बरेच जण कार्डावरची जागा वाचवायला १९२ वर ठेवतात, युरोपात त्यातही बऱ्यापैकी भागतं, पण इकडे हिप्पोसिडेरॉस गटातली पानासारखं नाक असलेली काही छोटी वटवाघळं १२० ते १५० किलोहर्ट्झवर बोलतात, ती सरळ गायब होतील. तिथे हात आखडता घेऊ नका, ३८४ च ठेवा.

मग डेटा. ३८४ वर सेकंदाला ७६८ केबी, म्हणजे मिनिटाला ४६ एमबी आणि तासाला पावणेतीन जीबी. डिसेंबरात रात्र साडेतेरा तासांची, एका रात्रीचे ३७ जीबी झाले! ६४ जीबीच्या कार्डात दोन रात्री पण मावत नाहीत. यावर उपाय म्हणजे ट्रिगर, ठरावीक फ्रिक्वेन्सीत ठरावीक आवाज आला तरच फाइल सेव्ह होते. ऐकायला छान वाटतं, पण ज्या जंगलात कोण कसं बोलतं तेच माहीत नाही तिथे ट्रिगर कशावर लावणार? मी सुरुवातीच्या रात्री सगळं रेकॉर्ड करायचं, ते बघायचं, आणि मगच त्या जागेसाठी ट्रिगर ठरवायचा या मताची आहे. कार्डाचा खर्च वाढतो, वाढू द्या. आणि कार्ड चांगल्या दुकानातून घ्या, आमच्याकडे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेलं कार्ड वर १२८ लिहिलेलं आणि आत त्याच्या पाव भागसुद्धा जागा नव्हती, फाइली दिसायच्या पण उघडायच्या नाहीत. कार्ड पूर्ण भरून तपासणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, जंगलात जायच्या आधी प्रत्येक कार्ड त्यातून काढा.

वेळेचं सेटिंग हा भाग ईशान्य भारतात काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा. रेकॉर्डर मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. त्यात इथे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो. पुण्यामुंबईच्या सवयीने कोणी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा असं शेड्यूल लावलं तर वटवाघळं बाहेर पडायची सगळ्यात गजबजलेली वेळ हुकली, कारण बरीचशी कीटक खाणारी वटवाघळं सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासाभरात निघतात. साडेचार म्हणजे यूटीसी अकरा, तिथून सुरू करा. कॉन्फिगरेशन ॲपमध्ये लोकल टाइम निवडता येतो, आणि नवीन फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षांश-रेखांश टाकून सूर्यास्त-सूर्योदयाप्रमाणे शेड्यूल लावता येतं, ते वापरा, फार सोयीचं आहे. अजून एक, सेल काढले की घड्याळ पुसलं जातं. म्हणजे जंगलात सेल बदलले की परत वेळ द्यायला लॅपटॉप हवा, नाहीतर फोनवरचं चाइम ॲप, त्यात फोनच्या स्पीकरमधून एक सूर वाजतो आणि तो ऐकून रेकॉर्डर आपली वेळ लावून घेतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा खूप भारी वाटतं.

डबी वेगळी घ्यावी लागते. कंपनीची वॉटरप्रूफ केस चांगली आहे, माइकच्या समोर पातळ पडदा असतो ज्यातून आवाज जातो आणि पाणी जात नाही, पण त्या पडद्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या दबतात. बरेच जण झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून लावतात, स्वस्त पडतं आणि चालतंही, फक्त वारा आला की पिशवी चुरचुरते आणि तो आवाज थेट अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे वटवाघळांच्याच वरच्या पट्टीत, जातो. सोहराच्या उतारावर, म्हणजे जुन्या चेरापुंजीकडे, वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे जून ते सप्टेंबर कुठलीच डबी पुरत नाही आणि पुरली तरी पावसाच्या आवाजाशिवाय फारसं काही मिळत नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने धरा. रेकॉर्डर खोडाला घट्ट चिकटवून बांधू नका, पानांच्या गर्दीपासून लांब, बांबूच्या टोकाला दोन-तीन मीटर उंचीवर, माइकचं भोक मोकळ्या वाटेकडे किंवा ओढ्याकडे करून लावा. शंभर किलोहर्ट्झच्या वरचा आवाज हवेत काही मीटरमध्येच विरतो, त्यामुळे तोंड कुठे आहे याने खरंच फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवाज ओळखायचे कसे. फाइल स्पेक्ट्रोग्रामवर उघडली की पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली ऱ्हायनोलोफस वटवाघळं सगळ्यात सोपी, त्यांचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर सरळ आडवी रेघ आणि शेवटी खाली छोटी शेपटी. बघताक्षणी कळतं, आणि रेघ किती किलोहर्ट्झवर आहे त्यावरून जातीचा अंदाज पण येतो. पिपिस्ट्रेल गटातली छोटी वटवाघळं वरून झपकन खाली येतात आणि तळाशी वळतात, हॉकी स्टिकचा आकार. इथे गाडी अडते, कारण दोन-तीन जातींचे आकार एकमेकांवर येतात आणि प्रामाणिकपणे गटाचं नाव लिहून थांबावं लागतं. किडा पकडायच्या आधी आवाज एकदम जवळजवळ येऊन दाट पट्टी होते, ती दिसली की हे वटवाघूळ नुसतं जात नव्हतं, इथे जेवत होतं, एवढं नक्की. तोच तुकडा दहापट हळू करून ऐका, ८० किलोहर्ट्झचं ८ होतं आणि आपल्या कानाला ऐकू येतं. मला अजूनही प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होतो.

आपोआप ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या वटवाघळांवर शिकवलेली आहेत. मेघालयातली फाइल दिली तर ती बेधडक एखाद्या ब्रिटिश जातीचं नाव देतात आणि पुढे ९० टक्के खात्री असं पण लिहितात. कृपया तसल्या याद्या कुठेही टाकू नका, एकदा चुकीची नोंद पसरली की ती पुसायला फार वर्षं जातात. या सॉफ्टवेअरचा उपयोग एवढाच, हजारो फाइलींमधून कुठे वटवाघूळ आहे आणि कुठे नुसती रातकिड्यांची किरकिर आहे हे वेगळं करायला. इकडचे झाडावरचे टोळ अल्ट्रासाउंडमध्ये इतका गोंधळ घालतात की तेवढी मदत पण खूप झाली. खरी ओळख पटवायची तर पकडलेल्या, मोजलेल्या, खात्रीने ओळखलेल्या वटवाघळाला सोडताना त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि अशी लायब्ररी हळूहळू उभी करायची. उत्तराखंडमध्ये रोहित चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या वटवाघळांसाठी असं काम २०२० मध्ये प्रसिद्ध केलं, ते आम्ही सतत उघडून बघतो.

आणि आता मर्यादा. वर सांगितलेल्या म्युरिना आठवतात ना? म्युरिना, केरिव्हूला ही दाट झाडीत उडणारी वटवाघळं अतिशय हळू आवाजात बोलतात, रेकॉर्डरच्या दोन-चार मीटरच्या आतून गेली तरच काही नोंदलं जाईल, आणि नोंदलं तरी ती जात कुठली हे आवाजावरून सांगता येणं अवघड. म्हणजे या भागातून नव्यानेच सापडलेल्या, फक्त इथल्या म्हणून ज्यांचं महत्त्व सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच जाती या यंत्राला जवळजवळ दिसत नाहीत. त्यांच्यासाठी हार्प ट्रॅप लागतो, उभ्या नायलॉनच्या दोऱ्या ताणलेली चौकट, खाली कापडी पिशवी, वटवाघूळ दोऱ्यांवर आपटून अलगद पिशवीत घसरतं. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचं पण तेच, ती बहुतेक डोळ्यांनी आणि वासाने चालतात, आवाज काढून वाट शोधत नाहीत. गुहांत राहणारं रुसेटस तेवढं जिभेने टकटक करतं.

याच्या अगदी उलट टोकाला ओटोमॉप्स रॉटनी. याची गोष्ट मराठी वाचकांना जवळची वाटेल. १९१३ साली या वटवाघळाचं वर्णन झालं ते बेळगाव जिल्ह्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून, गोव्याच्या सीमेपासून फार लांब नाही, आणि ज्यांचं नाव त्याला मिळालं ते रॉटन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्व्हेमागचे माणूस. कित्येक दशकं जगात ती एकच वसाहत माहीत होती. मग २००२ मध्ये अडोरा थाबा आणि पॉल बेट्स यांनी चेरापुंजीच्या बाजूची नोंद प्रसिद्ध केली आणि २०१४ मध्ये जैंतिया हिल्समधल्या गुहांत त्याच्या वसाहती असल्याचं समोर आलं. हे मोठं, वेगात, उंचावर उडणारं वटवाघूळ १५ किलोहर्ट्झच्या आसपास बोलतं, जोरात बोलतं, आणि तो आवाज लांब जातो. डोक्यावर उंच उडणाऱ्या अशा वटवाघळाला जाळं काही करू शकत नाही, तिथे ऑडिओमॉथच कामाला येतो. फक्त ट्रिगर २० किलोहर्ट्झच्या वर लावून ठेवला तर हेही हुकेल, बहुतेक लोक तसाच लावतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एकूण काय तर रेकॉर्डरची यादी आणि जाळ्याची यादी शेजारी ठेवली तर बऱ्याच जाती एकीतच सापडतात, दुसरीत नाहीत. कुठल्याही एकीवर विसंबून जंगलात एवढ्याच जाती आहेत असं म्हणायला जाऊ नये.

जाळं लावायला वनखात्याची परवानगी, प्रशिक्षण, आधीच घेतलेली रेबीजची लस आणि हातमोजे हे सगळं लागतं आणि लागायलाच हवं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) निपाह विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, त्यात घाबरून वटवाघळांना हुसकावण्यासारखं काही नाही, पण हौस म्हणून गुहेत शिरून वटवाघळं हातात घेऊ नयेत एवढं तरी त्यातून घ्या. रेकॉर्डरचा मोठा फायदा हाच की कोणाला हात न लावता, झोपलेल्या वसाहतीला न उठवता काम होतं.

परवानगी रेकॉर्डरला पण लागते बरं का. मेघालयात बहुतेक जंगल सरकारचं नाही, गावाचं किंवा कुळाचं आहे, त्यामुळे आधी गावचे प्रमुख, रांगबा श्नोंग, यांच्याकडे जायचं, चहा घ्यायचा, यंत्र उघडून दाखवायचं. इथल्या देवरायांचे नियम कडक आहेत, मावफ्लांगची देवराई प्रसिद्ध आहे, तिथून पान सुद्धा बाहेर न्यायचं नाही. आम्ही एका गावच्या देवराईत परवानगी मागायला गेलो तेव्हा तिथले बाह (इथे पुरुषांना आदराने असं म्हणतात) म्हणाले, खिळा मारायचा नाही, फांदी तोडायची नाही, आणलेलं सगळं परत न्यायचं, आणि काय ऐकू आलं ते आम्हाला येऊन ऐकवायचं. कापडी पट्ट्याने बांधला, काढताना पट्टासुद्धा परत आणला, आणि गावच्या चहाच्या दुकानात लॅपटॉप ठेवून हळू केलेले आवाज लावले. दुकानातल्या कोंगनी (बायकांना आदराने कोंग म्हणतात) स्पीकरचा आवाज मोठा करायला सांगितला आणि शाळेतून येणारी पोरं दारात गोळा झाली. तिथल्या एका आजोबांनी कुठल्या गुहेतून संध्याकाळी वटवाघळांचा थवा निघतो ते सांगितलं, आमच्या नकाशावर ती गुहा नव्हती.

महाराष्ट्रात आंबोली, तिलारी, भीमाशंकर, महाबळेश्वरच्या बाजूला हे काम करू इच्छिणाऱ्यांना पण हाच रेकॉर्डर सांगेन. सेटिंग तीच, फक्त सूर्यास्ताची वेळ तिकडची. घेताना निदान तीन घ्या, केस घ्या, जास्तीची कार्डं घ्या, लिथियमचे सेल घेतले तर थंडीत जास्त टिकतात.

रेटिंग: मोकळ्यावर आणि झाडीच्या कडेकडेने उडणाऱ्या वटवाघळांसाठी ५ पैकी ५, दाट झाडीतल्या हळू बोलणाऱ्यांसाठी ५ पैकी २, पैशाच्या मानाने ५ पैकी ५. आणि रेकॉर्डिंग ओळखू आलं नाही म्हणून डिलीट करू नका, तारीख, जागा, उंची, जंगलाचा प्रकार लिहून ठेवून द्या, लायब्ररी तयार होईल तेव्हा त्याच फाइली परत उघडता येतील.